अपोलो ११ चा टॉवर भंगारात का गेला, आणि लोखंड जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो. विचारलंय की चंद्रावर माणसं पाठवली त्या काळातले लाँच टॉवर, प्लॅटफॉर्म, पॅड हे सगळं जपून का ठेवलं नाही, अपोलो ११ चा टॉवर भंगारात काढला हे खरं का, एवढा पैसा असलेल्या देशाला एक टॉवर रंगवून ठेवता आला नाही का, आणि शेवटी, त्या काळच्या स्ट्रक्चरचा म्हणून ऑनलाइन विकत घेतलेला लोखंडाचा एक तुकडा घरी आहे त्याला गंज धरतोय तर काय करू. तुकड्याचं शेवटी सांगतो, कारण त्याचं उत्तर बाकीच्यातूनच निघतं.

माझी ओळख एवढीच की मी गेली सव्वीस वर्षं गंज बघतो. घरच्यांनाही असंच सांगतो. आधी मुंबईत गोदीतल्या क्रेन, जेट्ट्या, टाक्या, मग अकरा वर्षं फ्लोरिडात किनाऱ्यावरचे पूल. नासाचा माणूस नाही मी, पण केप कॅनव्हेरलच्या पट्ट्यात राहिलो आणि सुट्टीच्या दिवशीसुद्धा बोल्टच बघत फिरलो, बायको वैतागायची.

तर हो, खरं आहे. २००४ मध्ये तो भंगारात गेला. पण गोष्ट वाटते तेवढी सरळ नाहीये, नुसतं "अमेरिकेला किंमत नाही" म्हणून सोडून देण्यासारखी तर अजिबात नाही.

सॅटर्न ५, म्हणजे माणसांना चंद्रावर नेणारं रॉकेट, त्याच्यासाठी असे तीन टॉवर होते. प्रत्येक टॉवर एका अवाढव्य लोखंडी प्लॅटफॉर्मवर उभा, प्लॅटफॉर्म साधारण ४९ मीटर बाय ४१ मीटर, आत दोन मजले, मध्ये रॉकेटच्या ज्वाळा खाली जायला चौकोनी भोक, आणि एका बाजूला तो लाल टॉवर, प्लॅटफॉर्मच्या वर साधारण ११६ मीटर. टॉवरला नऊ हात. या हातांतून रॉकेटला इंधन, वीज, हवा, सगळं जायचं आणि उड्डाणाच्या वेळी ते बाजूला व्हायचे. सगळ्यात वरच्या, नवव्या हातातून अंतराळवीर चालत यानात जायचे. रॉकेट व्हीएबी नावाच्या १६० मीटर उंच इमारतीत या प्लॅटफॉर्मवरच उभं करायचे आणि मग प्लॅटफॉर्म, टॉवर, रॉकेट असं सगळं एकत्र क्रॉलर नावाच्या गाडीवर घेऊन ताशी दीड किलोमीटरच्या आसपास वेगानं पॅडवर न्यायचे. आपल्याकडे रथ ओढतात तसंच, फक्त रथ चाळीस मजली.

पहिला प्लॅटफॉर्म, एमएल-१, याच्यावरून अपोलो ४ गेलं, अपोलो ८ गेलं आणि १६ जुलै १९६९ ला अपोलो ११ गेलं. मग स्कायलॅब या अमेरिकन अंतराळ स्थानकाला माणसं नेणारी तीन उड्डाणं आणि १९७५ चं सोव्हिएत यानाशी जोडलं गेलेलं शेवटचं अपोलो, हेही याच्यावरूनच. त्या उड्डाणांना रॉकेट छोटं होतं म्हणून त्याच्याखाली उंच स्टूल ठेवलं होतं, नावच दुधाचं स्टूल, मिल्कस्टूल, गाय दोहायला बसतात ते. असल्या नावांवरून कळतं की काम करणारी माणसं कसली होती.

मग शटल आलं, विमानासारखं उतरून परत वापरता येणारं यान. शटलला प्लॅटफॉर्म हवे होते, टॉवर नको होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्लॅटफॉर्मचे टॉवर उतरवून त्यांचे काही भाग दोन्ही पॅडवर, ३९ए आणि ३९बी वर, कायमचे उभे केले. पहिल्याचा टॉवर १९८३ मध्ये उतरवला, भाग पाडून केनेडी स्पेस सेंटरच्या आवारात एका मोकळ्या मैदानात आडवा ठेवला. का, तर पुढेमागे पैसे मिळाले की परत उभा करू. तो तिथे एकवीस वर्षं पडून होता. वाचवायच्या मोहिमा झाल्या, लोकांनी पत्रं लिहिली, पैसे काही जमले नाहीत. रंगात शिसं, ते खाली मातीत उतरायला लागलेलं, आणि शेवटी पर्यावरणाचा प्रश्न म्हणून तो उचलून तोडला.

आता माझ्या धंद्यातलं सांगतो. तो टॉवर २००४ मध्ये मेला असं सगळे म्हणतात, माझ्या मते तो १९८३ मध्येच मेला होता. उभं स्ट्रक्चर असतं ना, ते पाऊस खाली सोडण्यासाठी डिझाइन केलेलं असतं. ते आडवं केलं की प्रत्येक चॅनल पन्हाळ होतो, प्रत्येक कोपरा वाटी होतो. पाणी साचतं, मीठ साचतं, पालापाचोळा कुजतो, मुंग्या घरं करतात. खालची बाजू गवतात, कायम ओली, आणि तिकडे कोणी वाकून बघत नाही. उभ्या टॉवरवर जो गंज दहा वर्षांत यायचा तो आडव्याला दोन-तीन वर्षांत येतो. शिवाय जिथे कापलं तिथे उघडं लोखंड, त्याला कोणी रंगवलं तर रंगवलं.

हे मी पुस्तकी सांगत नाहीये. मुंबईत सुरुवातीच्या काळात एक जुनी गोदीतली क्रेन उतरवून ठेवलेली होती, जपायचीच म्हणून, चांगल्या हेतूनं, कोणाची ते सोडा. उतरवताना प्रत्येक भागावर पांढऱ्या ऑइलपेंटनं नंबर टाकले, आपण गणपतीच्या मांडवाच्या वाशांवर टाकतो तसे. मांडव अकरा दिवसांनी सुटतो आणि पुढच्या वर्षी तीच पोरं बांधतात, त्यांच्या डोक्यात सगळं असतं. इथे तीन पावसाळे गेले. मला पाठवलं तेव्हा मी गुडघाभर गवतात उतरून एका अँगलवरचा नंबर शोधत होतो, हात फिरवला तर नंबरासकट पोळीएवढी खपली हातात आली, खपलीच्या आतल्या बाजूला गंजाचे थर, कांद्यासारखे, आणि बाहेरच्या बाजूला अजून वाचता येणारा पांढरा "७" आणि पुढे अर्धा काहीतरी. सत्तरच्या घरातला भाग होता की एकशे सत्तरच्या, देव जाणे. ड्रॉइंग ज्याच्याकडे होती तो माणूस रिटायर होऊन गावी गेला होता. ती क्रेन किलोच्या भावानं गेली. म्हणून कोणी म्हणालं ना की "आत्ता उतरवून ठेवू, नंतर जोडू", तर मी पहिलं विचारतो, नंतर म्हणजे कधी, आणि छपराखाली की उघड्यावर. याची उत्तरं नसतील तर ते जपणं नाही, भंगार काढायला एकवीस वर्षं लावणं आहे.

बरं, मग उभाच ठेवला असता तर? हा हिशोब लोक करत नाहीत. समजा एक हजार टनाचा टॉवर आहे, उदाहरण म्हणून गोल आकडा धरला. मध्यम जाडीच्या लोखंडी सेक्शनचा एका टनाला साधारण पंचवीस चौरस मीटर पृष्ठभाग निघतो. म्हणजे पंचवीस हजार चौरस मीटर, सहा एकर. सहा एकर लोखंड, ते पण सपाट नाही, शेकडो कोपरे, रिंग, शिड्या, जाळ्या, आणि हे सगळं हवेत. याला आधी जुना रंग काढून एसए अडीचपर्यंत ब्लास्टिंग, म्हणजे वाळूच्या माऱ्यानं लोखंड जवळजवळ पांढरं दिसेपर्यंत साफ करायचं, मग झिंकचा प्रायमर पंच्याहत्तर मायक्रॉन, वर इपॉक्सी दीडशे-पावणेदोनशे, वर पॉलियुरेथेन साठ-सत्तर. एकूण तीनशे-सव्वातीनशे मायक्रॉन, म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्सा. समुद्र आणि तुमचा ऐतिहासिक वारसा यांच्यामध्ये एवढंच असतं. आणि जुन्या रंगात शिसं असेल तर उघड्यावर ब्लास्टिंग करताच येत नाही, पूर्ण टॉवरला ताडपत्रीचं घर बांधायचं, आत हवा खेचणारे पंखे, फिल्टर, कामगारांना हवेच्या नळीचे हेल्मेट, त्यांच्या रक्तातलं शिसं तपासायचं, आणि निघालेली वाळू-रंग सगळा घातक कचरा म्हणून वेगळा पाठवायचा. बऱ्याचदा या घराचा खर्च रंगाच्या कित्येक पट होतो. आणि हे एकदा करून संपत नाही, दरवर्षी टचअप आणि पंधरा-वीस वर्षांनी परत सगळं.

आणि जागा कुठली? केनेडी स्पेस सेंटरच्या किनाऱ्यावर नासाचं स्वतःचं गंज तपासायचं केंद्र आहे, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर रॅकवर पट्ट्या लावून ठेवतात आणि बघत बसतात. नैसर्गिकरीत्या गंजायला उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात वाईट जागांमध्ये ती मोजली जाते. वर शटलच्या काळात प्रत्येक उड्डाणाला दोन्ही बाजूच्या बूस्टरच्या धुरातून सुमारे ७० टन हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड निघायचं. खारा वारा, ऊन, दमट हवा आणि वरून अ‍ॅसिड. आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजावायला लागत नाही, खिडकीची ग्रिल दर दोन वर्षांनी कोण रंगवतं ते त्याला माहीत असतं. यातून एक चांगलं मात्र निघालं, नासाच्या गॉडर्ड केंद्रात पोटॅशियम सिलिकेटवाल्या झिंक रंगाचं संशोधन झालं आणि त्यातून तयार झालेला रंग पुढे ऐंशीच्या दशकात स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याच्या आतल्या सांगाड्यालाही लागला. अवांतर आहे, पण मला हे फार आवडतं.

म्हणून माझं ठाम मत असं झालंय, आणि ते सगळ्यांना पटेल असं नाही, की लोखंड वाचतं ते दोनच कारणांनी. एक तर ते वापरात असतं, नाहीतर त्याला छप्पर असतं. तिसरं, फलक लावला, दर्जा दिला, यादीत नाव घातलं, यानं लोखंडाला काडीचा फरक पडत नाही. लाँच कॉम्प्लेक्स ३९, म्हणजे ३९ए-३९बी पॅडचा सगळा परिसर, हे १९७३ पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक नोंदणीत आहे, म्हणजे तो टॉवर मैदानात कुजत होता तेव्हासुद्धा होतं. तिथला १९६६ चा कायदा काय म्हणतो, तर सरकारी खात्यानं ऐतिहासिक वास्तूला हात लावायच्या आधी सल्लामसलत करायची, परिणाम काय होणार ते मांडायचं, आणि पाडायचंच असेल तर बदल्यात काहीतरी करायचं. पाडू नका असं तो म्हणत नाही. लोकांचा इथेच गोंधळ होतो, आपल्याकडेही वारसा यादीतला वाडा पडला की "अरे पण यादीत होता ना!" अशीच बोंब होते.

वापरात राहून वाचलेल्यांची उदाहरणं बघा. क्रॉलर. दोन आहेत, ओहायोतल्या मॅरियन पॉवर शॉव्हेल कंपनीनं साठच्या दशकात बांधले, मूळ कल्पना उघड्या कोळसा खाणीतल्या राक्षसी फावड्यांवरून घेतलेली. प्रत्येकाचं वजन २,७०० टनांच्या घरात, आठ पट्टे, प्रत्येक पट्ट्याला ५७ बूट, म्हणजे ४५६ बूट, एकेक बूट साधारण ९०० किलोचा. अपोलोला यांनी नेलं, शटलला नेलं आणि आता आर्टेमिस या नव्या चांद्रमोहिमेचं रॉकेटही यातलाच एक नेतो. साठ वर्षं झाली. पण त्याचे बूट बदलले, इंजिनं बदलली, जॅक बदलले, बेअरिंग बदलली. मग तो "मूळ" आहे का? आपल्या वाड्याचं कौल बदललं, वासे बदलले, तरी वाडा आजोबांचाच म्हणतो ना आपण, कारण त्यात माणसं राहतायत. वारसावाल्यांचे दोन तट आहेत याच्यावर, मी वापरवाल्या तटाचा. मूळ बुटांसाठी मला जीव टाकायचा नाही, एक बूट म्युझियममध्ये ठेवा, बाकी चालू दे गाडी.

दुसरं, व्हर्जिनियात नासाच्या लँगली केंद्रात चांद्रयान उतरवायचा सराव करायला बांधलेली कमान आहे, ७३ मीटर उंच आणि १२० मीटरच्या वर लांब. नील आर्मस्ट्राँगसकट अंतराळवीर तिथे लटकून सराव करायचे. १९८५ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारक केलं. पण ती उभी आहे ती स्मारक म्हणून नाही, तर नंतर तिथे विमानं आपटून बघायची चाचणी सुरू झाली आणि मग आर्टेमिसचं ओरायन यान पाण्यात पाडून बघायला खाली टाकी बांधली म्हणून. त्याच केंद्रातला १९३१ चा मोठा पवनबोगदा, विमानावर वारा सोडून चाचणी घ्यायचा, त्यालाही १९८५ मध्येच तोच दर्जा मिळाला होता. त्याचं काम संपलं, २०१० च्या आसपास पाडला. दर्जा दोघांनाही सारखाच होता.

तिसरं उदाहरण आपल्या जवळचं. ३९ए पॅडवर जो टॉवर शटलसाठी उभा केला त्यात अपोलोच्या टॉवरचं लोखंड गेलं हे वर सांगितलं. २०१४ पासून तो पॅड स्पेसएक्सकडे वीस वर्षांच्या भाड्यानं आहे. त्यांनी शटलचा फिरता सांगाडा काढून टाकला, टॉवरला काळं आवरण चढवलं, वर नवीन हात बसवला. जुने लोक हळहळले, मीपण थोडा. पण जानेवारी २००३ मध्ये कल्पना चावला शेवटच्या वेळी गेली ती याच पॅडवरून, आणि जून २०२५ मध्ये शुभांशु शुक्ला गेला तोही याच टॉवरच्या लिफ्टनं वर जाऊन. त्या काळ्या पत्र्यांच्या आत कुठेतरी साठच्या दशकातलं लोखंड होतं. ३९बी वरचा तसाच टॉवर २०११ मध्ये पाडला, पॅड मोकळा करायला. म्हणजे भाडेकरूनं वाचवलं, मालकानं पाडलं.

प्लॅटफॉर्मचंही तसंच. टॉवर काढून टाकलेले तिन्ही प्लॅटफॉर्म शटलनं वापरले, सॅटर्नचा काळ आणि शटलचा काळ मिळून चाळीस-पंचेचाळीस वर्षं. २०२१ मध्ये दुसरा तोडला. कारण ऐकून हसू येईल, ठेवायला जागा नाही! आर्टेमिससाठी नवीन मोबाइल लाँचर, म्हणजे टॉवरसकट प्लॅटफॉर्म, बांधायला घेतला होता आणि एवढ्या मोठ्या वस्तूला पार्किंग लागतं, ते पण नुसतं मैदान नाही, खाली क्रॉलर शिरेल असे खांब लागतात. पार्किंगवरून भांडणं फक्त सोसायटीतच होतात असं नाही.

आता छप्पर असलेलं. ह्यूस्टनचं अपोलो मिशन कंट्रोल, ज्या खोलीतून चंद्रावर उतरताना बोलणं चालू होतं ती. ती १९९२ पर्यंत वापरात होती, नंतर नुसती दाखवायची खोली झाली, लोक आत जाऊन खुर्च्यांवर बसायचे, खुर्च्या फाटल्या, बटणं गेली. २०१९ मध्ये, पन्नासाव्या वर्षी, ती जुलै १९६९ सारखी करून उघडली. खर्च सुमारे ५० लाख डॉलर, त्यातले ३५ लाख शेजारच्या वेबस्टर नावाच्या छोट्या गावानं दिले. कन्सोल कॅन्ससमधल्या कॉस्मोस्फिअर म्युझियमकडे पाठवून दुरुस्त केले. भिंतीच्या कागदाचं डिझाइन कुठे सापडलं माहितीये? अग्निशामक सिलिंडर काढला तर त्याच्या मागे मूळ वॉलपेपर तसाच होता, कारण नंतर रंगवणाऱ्यानं सिलिंडर काढायचा कंटाळा केला होता. आमच्या धंद्यात आळशी पेंटरचे उपकार फार असतात. मीसुद्धा जुन्या स्ट्रक्चरचा मूळ रंग शोधायचा तर पहिलं नेमप्लेटच्या मागे, क्लॅम्पच्या खाली, केबल ट्रेच्या मागे बघतो. टेबलावर अ‍ॅशट्रे, कॉफीचे कप, फायली, सगळं त्या काळचं शोधून मांडलं. पण लक्षात घ्या, ही एसीतली खोली आहे. ५० लाखांत एक खोली. तेवढ्यात समुद्रकाठचा टॉवर किती वर्षं उभा राहिला असता हे ज्यानं त्यानं वरच्या सहा एकरवरून काढावं.

आणि काही गोष्टी छोट्या करून वाचतात, हा मार्ग मला सगळ्यात शहाणा वाटतो. तो पूर्ण टॉवर गेला, पण ज्या हातातून अंतराळवीर यानात गेले तो हात आणि टोकाची पांढरी खोली केनेडीच्या व्हिजिटर कॉम्प्लेक्समध्ये ठेवली आहे. अपोलोच्या आधीच्या जेमिनी मोहिमांच्या पॅडवरची पांढरी खोलीही अशीच काढून केपवरच्या म्युझियमनं नीट केली. माणूस शेवटचा जिथून चालला तो भाग. १००० टन नाही वाचवता येत तर कुठले दहा टन वाचवायचे हे पहिल्या दिवशी ठरवा, आणि ठरवताना इंजिनिअरला एकट्याला ठरवू देऊ नका, तो सगळ्यात मोठा गर्डर मागेल.

सगळं न वाचवता सोडून द्यायचं हाही एक मार्ग असतो, आणि तो मी डोळ्यानं बघितलाय. लाँच कॉम्प्लेक्स ३४. २७ जानेवारी १९६७ ला तिथे अपोलो १ च्या सरावात आग लागून ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे गेले. पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अपोलो ७ तिथूनच उडालं. नंतर लोखंडी टॉवर काढले, राहिला तो काँक्रीटचा चौरंग, चार जाड पाय आणि मध्ये गोल भोक. त्याच्या पायावर स्टेन्सिलनं लिहिलंय, "अबॅन्डन इन प्लेस", म्हणजे आहे तिथे सोडून द्या. ही खरं तर ऑफिसची भाषा, कोणीतरी यादीत टिक केलेली. मी गेलो तेव्हा टूरमधले बाकीचे फलक वाचत होते, मी पायाशी बसून काँक्रीट बघत होतो. कडेला सळईचं तोंड दिसत होतं, भोवती तपकिरी ओघळ, आणि नखानं खाजवलं तर रेती सुटत होती. काँक्रीटमध्ये मीठ शिरलं की सळई गंजते, गंज मूळ लोखंडाच्या सहापटीपर्यंत फुगू शकतो आणि आतून काँक्रीट फोडतो. आपल्याकडे गॅलरीचा स्लॅब पडतो तो असाच. दरवर्षी त्या तिघांच्या आठवणीला लोक तिथे जमतात. त्या चौरंगाला गिलावा करून गुळगुळीत रंगवलं असतं तर मला तरी ते बघवलं नसतं. तिथे काम एवढंच, पाणी साचू द्यायचं नाही, झाडाची मुळं शिरू द्यायची नाहीत, डोक्यावर पडेल असा तुकडा आधीच काढायचा, बाकी हळूहळू जाऊ द्यायचं. यालाही माणूस आणि पैसे लागतात बरं का, "सोडून द्या" म्हणजे फुकट नाही. पृथ्वीभोवती फिरलेला पहिला अमेरिकन जॉन ग्लेन, त्याचं उड्डाण झालं त्या कॉम्प्लेक्स १४ चा लोखंडी टॉवर असाच सोडला होता, १९७६ मध्ये गंजून धोकादायक झाला म्हणून पाडावा लागला.

रशियाकडे बघितलं तर बैकोनुरचा गागारिन पॅड, पहिला माणूस अंतराळात गेला तो, १२ एप्रिल १९६१ चा. हा सगळ्यात लांब टिकला, कारण रॉकेट तेच राहिलं, थोडं थोडं बदलत. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथून शेवटची माणसं गेली. नव्या सोयुझसाठी पॅड बदलायला पैसे मिळाले नाहीत, मग म्युझियम करू असं ठरलं. कझाकस्तानच्या त्या मैदानात मीठ कमी आहे पण थंडी-उन्हाचा फरक भयंकर, आणि दुर्लक्ष सगळीकडे सारखंच. तिथेच मे २००२ मध्ये बुरान या सोव्हिएत शटलच्या हँगरचं छत कोसळलं, अंतराळात जाऊन आलेलं एकमेव बुरान खाली चिरडलं आणि छतावर दुरुस्ती करणारे कामगारही गेले. म्हणून वर छप्पर म्हणालो तेव्हा छपराचीही देखभाल धरून म्हणालो होतो.

पाडायचंच ठरलं तर निदान नोंद नीट व्हावी. अमेरिकेत यासाठी ऐतिहासिक इंजिनिअरिंग नोंदींचा एक सरकारी कार्यक्रम आहे, मोठ्या निगेटिव्हवर काळे-पांढरे फोटो, मोजमापाची ड्रॉइंग, लेखी इतिहास, आणि हे सगळं लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जातं. शटल बंद होताना प्लॅटफॉर्म, क्रॉलर, पॅड यांच्या अशा नोंदी झाल्या. आता लेझर स्कॅनिंग आलंय, साउथ फ्लोरिडा युनिव्हर्सिटीच्या लोकांनी केपवरचे जुने पॅड स्कॅन केलेत, फार सुंदर काम. पण माझा अनुभव सांगतो, स्कॅनमध्ये आकार येतो, रीत येत नाही. हा व्हॉल्व्ह डावीकडे का, ही शिडी मध्येच का तोडली, या रेलिंगला हातोड्याचे घाव कशाचे, हे तिथे काम केलेल्या फिटरला विचारायला लागतं, आणि तो ऐंशी-पंच्याऐंशीचा झालेला असतो. मला निवडायला सांगितलं तर स्कॅनरच्या आधी मी त्या म्हाताऱ्याला खुर्चीवर बसवून चहा देईन.

आता तुमचा तुकडा. पहिली गोष्ट, त्याला पॉलिश पेपर लावू नका. वायर ब्रश नको, ग्राइंडर तर अजिबात नको. त्या काळचा लाल-करडा रंग असेल तर त्यात शिसं आहे असंच धरून चाला, घासलात की ती धूळ घरात, पोरांच्या हाताला. शिवाय तो रंगच तर इतिहास आहे, चकचकीत केलात की उरतो तो चोरबाजारातला अँगलचा तुकडा. हातमोजे घाला, साधं पाणी नको, डिस्टिल्ड पाण्यानं, बॅटरीत घालतो ते, मऊ कापडानं टिपून घ्या, दोन-तीनदा, मीठ निघेपर्यंत. लगेच हेअर ड्रायरनं कोरडा करा, आत पेचात पाणी राहिलं तर सगळं वाया. उघड्या लोखंडावर मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, ते नाही मिळालं तर उगाच तेल-ग्रीस थापू नका, धूळ धरतं, तसाच कोरडा ठेवा. मग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, पुड्या रंग बदलल्या की तापवून परत. मुंबई-पुण्यात पावसाळ्याचे चार महिने डबा उघडूच नका, कोण पाहुणा बघायला आला तरी. हाताळल्यावर हात धुवा.

आणि विकणाऱ्याचं बिल, त्याचा ईमेल, त्यानं पाठवलेले फोटो, सगळं प्रिंट काढून त्याच डब्यात, वेगळ्या प्लास्टिक पिशवीत. तो खरंच त्या टॉवरचा आहे की नाही हे मी फोटोवरून सांगू शकणार नाही, कोणीच सांगू शकणार नाही. तुकड्यावर कुठे पंच केलेला नंबर किंवा पत्र्याची पट्टी दिसतेय का ते बघा, भिंगानं, तिरका उजेड टाकून. रंगवलेला नंबर असेल तर त्याला ओलं कापडसुद्धा लावू नका, आधी फोटो काढा.